डब्याच्या थैलीतला मोबाइल

रीता,

तुले आत्ताच डोळा लागला म्हणून उठवलं नाई. मी चंद्रपूरले दवाखान्यात, आपल्या लहान्याजवळ, अजयजवळ जाऊन राह्यलो.

रात्री तुले अजयचं सांगतलं, पण पूर्ण सांगवलं नाई. जिवतीले आमी खोदतो त्या विहिरीत तो सुरुंगाच्या वायर जोडत होता, अन् काठावर ठेवलेल्या माह्या डब्याच्या थैलीत मोबाइल वाजला. तो थैलीत हाये हे मले मालूमच नव्हतं. तेवढ्यात सुरुंग उडाला. मोबाइलमुळंच उडाला का, हे कोणी छातीठोक सांगत नाई. पण डेटोनेटरच्या डब्यावर लिहूनच असते, मोबाइल जवळ आणू नका. म्हणून तर मी तो रोज घरी ठेवत होतो.

तुले नववा लागला. कळा आल्या तर मले कळवता यावं म्हणून तू तो डब्याखाली ठेवला. अन् बूथवरून फोन केला तो फक्त जेवलो का विचाराले.

पोलीस आले तर सांगजो, मोबाइल मीच नेला होता. मी तसंच लिहून देलं. मायजवळही हेच बोलजो.

अजयचे दोन्ही डोळे गेले. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं हेच विचारलं, ‘भाऊ, फोन वैनीचा आला होता ना? बरी हाये ना ते?’

मी हो म्हटलं. तशीच बरी राहजो.