शंभर गुण, सात माणसं

१४ जानेवारी

उणे छत्तीस. गाडी चालू होईना. पंतप्रधान मात्र गेला! राजीनामा. आता पक्ष नवा नेता निवडणार, आणि जो नेता तोच पंतप्रधान. देशात निवडणूक वगैरे काही नाही. फक्त पक्षाचे सभासद मत देणार.

बाबा टीव्हीला म्हणाले, "जा, जा! आणि दार लावून घे, थंडी आत येते!"

आई म्हणाली, "ओरेस्ट, त्याला ऐकू जात नाही."

"नऊ वर्षं हेच तर सांगतोय मी, ओडील. त्याला आपलं ऐकूच जात नाही."

आई या पक्षाची. अल्बर्टात राहून, जिथे या पक्षाला कोणी विचारत नाही! बाबा त्या पक्षाला चोर म्हणतात. आईलाही म्हणतात, पण हसत. म्हणजे आतापर्यंत तरी हसत.

१५ जानेवारी

आईनं आठवण करून दिली — मीपण सभासद आहे! चौदाव्या वाढदिवसाला तिनं केलं होतं. बाकी पोरींना फोन मिळाले. मला पक्ष.

१९ जानेवारी

ऍबरनेथीकाका मी काम करते त्या कॅन्टीनला आले. ते आमच्या मतदारसंघाचे पक्षाध्यक्ष. आधी गुरांचे डॉक्टर होते, अजून माणसांशी तसंच बोलतात, कानाशी येऊन मोठ्यानं. दोन वर्षं मी त्यांना फ्राइज देते, कधी नाव विचारलं नाही. आज म्हणाले, "नोएमी! आमची नोएमी!"

माझीच प्लेट घेऊन शिकवायला लागले. "हे बघ, प्रत्येक मतदारसंघाला शंभर गुण. समज या शंभर फ्राइज, मत देणाऱ्यांत सारख्या वाटायच्या. टोरंटोत एका मतदारसंघात तीन हजार सभासद. तीन हजार जण एका प्लेटवर! आणि आपल्याकडे किती?"

मी केचप पुढे केलं.

"सात! अगं सात! प्लेट तेवढीच. तुझ्या वाट्याला चौदा फ्राइज येतात, पोरी, आणि टोरंटोवाल्याला नुसता वास!"

मग चौदा काय, चाळीसेक खाऊन गेले.

सात म्हणजे ते स्वतः, त्यांची बायको डोरीनकाकू, शाळेतले प्लामाँडोनसर, चर्चच्या सिस्टर बर्थ, वृद्धाश्रमातली नर्स रोवेना, आई आणि मी. कारनं या टोकाहून त्या टोकाला चार तास लागतात एवढा मतदारसंघ. त्यात सात!

२३ जानेवारी

दोघंच उभे आहेत. ब्राइस टोलहर्स्ट — फोटोत नुसते दात. आणि मादलेन कॉर्मिए, न्यू ब्रन्सविकची — ती बोलायला लागली की झोप येते. दात विरुद्ध झोप. घ्या!

२६ जानेवारी

टोलहर्स्टचा फोन. त्याचा स्वतःचा! मी उचलला नाही. मी कोणाचाच उचलत नाही. निरोप ठेवला — "नोएमी, या देशाला तुझा आवाज हवा आहे."

माझा आवाज! अकरावीत प्लामाँडोनसरांच्या वर्गात पाच मिनिटं भाषण द्यायचं होतं. चार मिनिटं नुसती उभी होते. केंड्रा मागच्या बाकावरून सेकंद मोजत होती, मोठ्यानं. सगळे तिच्याबरोबर मोजायला लागले. सर म्हणाले, "बस खाली." मी खाली नाही बसले. दप्तर घेऊन घरी आले, ती परत गेलेच नाही.

तेव्हा देश कुठे होता म्हणे?

१ फेब्रुवारी

टोलहर्स्ट आमच्या कर्लिंग रिंकवर आला. बर्फावर शहरी बूट घालून! दोनदा घसरला. ऍबरनेथीकाकांनी दंडाला धरून चालवला, गाय चालवावी तसा. कर्लिंगचा जड दगड बर्फावरून पलीकडच्या वर्तुळात सरकवायचा असतो; त्याचा अर्ध्यातच थांबला. फोटो मात्र झकास आला असणार.

मग भाषण. "मी पंतप्रधान झालो तर तुमच्या तेलाची पाइपलाइन पूर्वेच्या समुद्रापर्यंत जाणार! क्विबेकमधून! कोणी अडवणार नाही!" टाळ्या. बाबासुद्धा आले होते, मागे भिंतीला टेकून. टाळ्या नाही वाजवल्या, पण हात खिशातून काढले.

घरी येताना म्हणाले, "चोर आहे, पण त्या सगळ्यांत बरा वाटतो."

आई खिडकीतून बघत राहिली. ती मूळची क्विबेकमधल्या त्रुआ-रिव्हिएरची. क्विबेकमधून म्हणजे तिच्या घरावरूनच.

८ फेब्रुवारी

सकाळी आईचा फ्रेंच रेडिओ लावलेला. मी पिरोगीच्या पाऱ्या लाटत होते, आई त्यात बटाटा भरत होती. आणि टोलहर्स्ट! माँट्रियालहून, फ्रेंचमध्ये. काय म्हणाला? "क्विबेकच्या मनाविरुद्ध या मातीत वीतभर नळसुद्धा पडणार नाही. माझा शब्द."

आई थांबली. हाताला बटाटा तसाच.

मला हसायला आलं. एका आठवड्यात दोन शब्द दिले, आणि दोन्ही ऐकणारी माणसं देशात किती? आमच्या स्वयंपाकघरात दोन.

आईनं बाबांना सांगितलं. हे चुकलंच तिचं. बाबा लाल झाले. "म्हणजे इथे आम्हाला येडं बनवून गेला?"

"तेच सांगतेय."

"तुझ्या लोकांना तिकडे खरं सांगितलं, आणि आम्हाला फोटो!"

"माझे लोक? ओरेस्ट, माझे लोक कोण? बावीस वर्षं मी इथे आहे."

"मग तुझा पक्ष."

पिरोगी कोणीच नीट खाल्ली नाही. मी तेरा खाल्ल्या.

९ फेब्रुवारी

गॅरेजमध्ये बर्फात चालवायच्या स्नोमोबाइलच्या मागे एक पाटी आहे. "अल्बर्टा वेगळा!" बाबांनी वर्षापूर्वी आणलेली. आईसाठी म्हणून फाटकाला कधी लावली नाही. आज नाश्त्याला म्हणाले, "तो टोलहर्स्ट आला ना, तर पाटी लावणार. पुरे झाला असला देश."

आई कॉफी ढवळत म्हणाली, "लाव. पाटी लागली की मी माझ्या बहिणीकडे."

"किती दिवस?"

"तू पाटी किती दिवस लावणार?"

आवाज कोणीच चढवला नाही. वाटेल की भाजीबद्दल बोलतायत. दोघंही नुसत्या धमक्या देतात. गेल्या वर्षी बाबा चर्च सोडणार होते, आई कर्लिंग. दोघंही दर रविवारी दोन्हीकडे असतात.

१५ फेब्रुवारी

आमच्याकडे गुप्त मतदान म्हणजे ऐका — ऍबरनेथीकाका, काकू आणि प्लामाँडोनसर टोलहर्स्टकडे, कारण त्यानं फोन केला. आई, सिस्टर बर्थ आणि रोवेना कॉर्मिएबाईकडे. तीन-तीन. राहिले कोण? मी!

काका रोज येतात. आज काकूंचा केक पाठवला. "वर 'एकी' लिहिलंय बघ," म्हणाले. क्रीमनं. देशाची एकी, केकवर! कापल्यावर 'ए' माझ्याकडे आला.

सिस्टर बर्थ म्हणाल्या, "पोरी, तुझ्यासाठी प्रार्थना करते." ही धमकीच वाटली.

फक्त आईनं काही विचारलं नाही. एकदाच म्हणाली, "मत तुझं. मला सांगायचं नाही, उद्या नवरा झाला तर त्याला नाही, देवालासुद्धा नाही." आणि भांडी धुवायला लागली. पण दोन दिवस कपाटातली बॅग बाहेर काढून ठेवलीय. पुसायला म्हणे.

२० फेब्रुवारी

कॉर्मिएबाईचं भाषण ऐकलं. दोनदा, दोन्ही भाषांत. कंटाळा! पाइपलाइनबद्दल म्हणाली, "सोपं उत्तर माझ्याकडे नाही. आधी दोघांना एका टेबलाशी बसवीन." इंग्रजीत तेच, फ्रेंचमध्ये तेच. शब्दाला शब्द. झोप आली, पण तेच.

बाबासुद्धा म्हणाले, "निदान बाई एकच आहे."

तिलाच देते मग. पक्कं.

२४ फेब्रुवारी

मत मोबाइलवर द्यायचं. पण आधी ओळख पटवायला पोस्टात जायचं. काउंटरवर उभं राहून नाव, जन्मतारीख तोंडानं सांगायची, मग ती बाई फोटो काढते, मग नंबर मिळतो. एवढं सगळं झोप देणाऱ्या बाईसाठी!

२६ फेब्रुवारी

पोस्टात गेले. दारातून आत बघितलं. काउंटरवर केंड्रा.

परत आले.

२७ फेब्रुवारी

बर्फ खूप.

१ मार्च

परत गेले. आधी गाडीत दहादा म्हणून बघितलं — नोएमी ग्रिनिक, नोएमी ग्रिनिक. आत तिघं रांगेत. केंड्रानं मान वर केली, बघितलं मला, हसली. कशी हसली कळलं नाही. वाईट नसेलही. मी पाकिटांच्या स्टँडशी गेले, एक पाकीट बघितलं, दुसरं बघितलं, बाहेर आले.

मूर्खासारखं काय! कशाला जायचं? देशात लाखो सभासद. मतं हवीत, म्हणून तर तो टोलहर्स्ट दात काढतो. चौदा फ्राइजनी देश मोडत नाही आणि जुळतही नाही. सगळं नाटक. टोलहर्स्ट नाटक, काका नाटक, पाटी नाटक, बॅग नाटक.

६ मार्च

आज शेवटचा दिवस. आई दारात माझा कोट घेऊन उभी. "पोस्टात जायचंय ना? सोडू?"

म्हटलं, "झालंय माझं. सकाळीच."

तिचा चेहरा एवढा खुलला! कोट खाली ठेवला. माझ्या केसांवरून हात फिरवला. कोणाला दिलं, विचारलं नाही. तिनं विचारायला हवं होतं.

पोस्ट पाचला बंद होतं. साडेचारपर्यंत मी बटाटे सोलले. पाचपर्यंत पण बटाटेच.

९ मार्च

टोलहर्स्ट.

टीव्हीवर कागदाचे तुकडे उडत होते. "ऐतिहासिक चुरस," बातमीवाली ओरडत होती, "अवघ्या नऊ गुणांनी!" देशभरच्या चौतीस हजार गुणांत नऊ. तो म्हणाला, "हा देश एक आहे." इंग्रजीत म्हणाला, मग फ्रेंचमध्ये. या वेळी दोन्हीकडे सारखं.

नऊ. मी बोटांवर परत मोजले. माझे चौदा होते.

बाबा कोट न घालता गॅरेजकडे गेले. स्नोमोबाइल सरकल्याचा आवाज आला. हातोड्याचा आला.

आई वर गेली. बॅगेची चेन.

नाटक असतं तर कोणीतरी ओरडलं असतं.

१० मार्च

प्रत्येक मतदारसंघाचे आकडे आले. आमचा — टोलहर्स्ट पन्नास, कॉर्मिए पन्नास.

आई कोट घालून टेबलाशी बसली होती, दारात बॅग. पेन्सिलीनं कागदावर सात लिहिलं. खाली रेघ मारली. सातांचं बरोबर निम्मं होत नाही. ती खूप वेळ त्या सातकडे बघत राहिली, मग पेन्सिल ठेवली.

म्हणाली, "पोस्टात फार गर्दी होती का गं?"