डोक्यामागचा चेहरा

माय,

इटलीत शिकाले आल्यापासून पहिल्यांदाच, शनिवारी मैत्रिणींसोबत व्हेनिस पाहाले गेली. तिथं दुकानोदुकानी मुखवटे टांगले होते. मी तुह्यासाठी मोठ्या डोळ्यांचा, मिशीवाला निवडला. मोहफुलं वेचताना तुमी साऱ्याजणी डोक्यामागं मुखवटा बांधता न, तुहा फाटला होता. वाघ तोंडासमोर येत नाई, हे तूच सांगितलं होतं.

दुकानदार तो कागदात गुंडाळून राह्यला होता, तेवढ्यात आपल्या निकेशचा फोन आला.

"ताई, मोहाखाली मायले वाघानं नेलं. मागून आला."

परतताना गाडीत मी तो मुखवटा डोक्यामागं बांधून बसली. काऊन, ते मलेच नाई समजलं. लोकं हसले.

माय, माह्या मागून कोणीच आलं नाई.

तुही,
दिव्यानी