लेगबायच्या रकान्यातली रेघ

प्रिय संघपाल,

जय भीम. तुझ्या सत्काराच्या दिवशी मी दहा मिनिटं बोलायचं असं बापूसाहेबांनी परस्पर ठरवलंय, ते तुला कळलं असेलच. क्लबचे सेक्रेटरी झाल्यापासून ते विचारत नाहीत, जाहीर करतात. विषयही त्यांचाच : कसोटी क्रिकेटमधला सर्वश्रेष्ठ अष्टपैलू कोण? त्यात तुझा भुसावळहून फोन, "जाल्या, तीस वर्षं कान खाल्लेस, आता एक नाव सांगून मोकळा हो की." (अठ्ठावीस वर्षं. असो.) आठवड्यात सांगतो म्हणालो होतो, त्याला तीन आठवडे झाले. नाव तर ठरलं नाहीच, उलट जे पक्कं होतं तेही हलायला लागलंय. फोनवर बोललो तर तू हसण्यावारी नेशील, म्हणून लिहितोय.

माझी पद्धत तुला पाठ आहे. फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी वजा करायची, जे उरेल ते त्या माणसाचं माप. मला ती कुणी शिकवली नाही. दहावी नापास झाल्यावर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, रद्दीतल्या इंग्रजी पेपरांवरून मीच बसवली. परदेशातही लोक असंच करतात हे पुढं कळलं, तेव्हा चार दिवस मी ताठ मानेनं हिंडत होतो. तर सोबर्स, ५७.७८ उणे ३४.०३, उरले २३.७५. कॅलिस २२.७२. इम्रान १४.८८. इथपर्यंत रस्ता सरळ. मग आला कपिल. उरले १.४१! आता तूच सांग, आपल्याकडच्या मेलेल्या खेळपट्ट्यांवर पंधरा-सोळा वर्षं धावत येऊन चेंडू टाकणारा, एकशे चौऱ्याऐंशी डावांत एकदाही धावबाद न झालेला माणूस, आणि त्याचं माप १.४१? विनू मंकड तर उणे ०.८५. म्हणजे माझ्या वजाबाकीनं मंकड अष्टपैलूच ठरत नाहीत. मग मी झेल हिशोबात धरले, तर कॅलिस वर गेला. खेळपट्ट्या धरल्या, तर कपिल वर आला. कोणाच्या संघात जोडीला कोण होतं ते धरलं, तर सगळेच एकमेकांच्या अंगावर कोसळले. रोज सकाळी पहिला नंबर वेगळाच. विजयमाला म्हणाली, "अवं, चिठ्ठ्या टाका आन् एक उचला. मागवाल्याची मोटर आठ दिवस उघडी पडलीय." मागवाला म्हणजे यंत्रमागवालं गिऱ्हाईक. बायको म्हणून बरोबर बोलली, पण चिठ्ठ्या टाकायला मी लॉटरी चालवत नाही.

शेवटी पॉली उम्रीगरांनी वाट दाखवली. जन्म आपल्या सोलापूरचा, २८ मार्च १९२६, हे मी भाषणात दोनदा सांगणार आहे. त्यांची वजाबाकी ०.१४, म्हणजे जवळजवळ शून्य. पण १९६२ची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी बघ. आधी एका डावात पाच बळी, मग ५६, मग नाबाद १७२. एकाच कसोटीत शतक आणि डावात पाच बळी, हे भारताकडून त्याआधी फक्त मंकडांनी केलं होतं, १९५२ला लॉर्ड्सवर. मला वाटलं, सापडलं! अष्टपैलू सरासरीत शोधायचा नाही, तो एकाच सामन्यात दोन्ही हातांनी उभा राहिलेला दिसतो. आणि आपल्या क्लबच्या इतिहासात तसा सामना एकच आहे. भाषणाचा शेवट तिथंच जमला होता : मंकड, उम्रीगर आणि आपला संघपाल. बापूसाहेबांनी ऑफिसातल्या फळ्यावर सोनेरी रंगात '१०० धावा, ५ बळी' लिहायला पेंटर सांगितलाय. तो माझ्या आकड्यासाठी थांबलाय. आकडे तंतोतंत हवेत म्हणून मी १९९७ची माझी स्कोअरची वही काढली.

नसती काढली तर बरं झालं असतं.

पार्क मैदान, समोर अक्कलकोटचा संघ. त्रेचाळीस धावांत तू पाच घेतलेस आणि मग फलंदाजीला उतरून नव्याण्णववर आलास. मुक्तामावशी विड्या वळायचं एक दिवस बाजूला ठेवून पहिल्यांदाच लेकाची मॅच बघायला आल्या होत्या. माझ्या टेबलाशेजारी, मांडीवर तुझा डबा घेऊन बसल्या होत्या. एक चेंडू फाइन लेगला गेला, तुम्ही एक धाव पळालात, टाळ्या पडल्या. पुढच्याच षटकात पहिल्या चेंडूवर तुझा त्रिफळा उडाला. म्हणजे तुझं सगळं शतक त्या एका चेंडूवर उभं आहे.

आणि संघपाल, वहीच्या त्या पानावर लेगबायच्या रकान्यातली सहावी रेघ खोडलेली आहे. खोडरबरानं. पान उजेडात तिरपं धरलं की दाबलेली पेन्सिल दिसते. रबर खिशात ठेवणारा स्कोअरर नव्हे, हे सगळ्या जिल्ह्याला ऐकवत आलो तो मी. मोटर भरताना एक वेढा चुकला तर सगळं वाइंडिंग उलगडणारा मी. विजयमालाला समजावलं, पायाला लागून निघालेली धाव संघाला मिळते, फलंदाजाला मिळत नाही. ती म्हणाली, "मग त्या एका धावेनं मॅच हारला असता का?" म्हटलं नाही, सहा गडी राखून जिंकलो. "मग?"

गुरुवारी एसटीनं अक्कलकोटला गेलो. त्यांच्या बाजूचे स्कोअरर गुरुसिद्धप्पा, आता किराणा दुकान चालवतात. मला बघताच त्यांनी गल्ला सोडून चहा सांगितला. विषय काढला तर हसत म्हणाले, "आमी लेगबायच लिवलं होतं की. तुमी टेबलावर हात आपटून म्हणलासा, नियम मला शिकवू नगा. मग आमी बी खोडलं. तुमी लई पुस्तकं वाचल्याली माणसं, आमाला वाटलं तुमचंच बरोबर असंल." टोमणा नव्हता रे त्यात. टोमणा असता तर मी भांडलो असतो. त्यांनी वर चिवड्याची बशी पुढं सरकवली, आणि मी एसटीचं निमित्त सांगून उठलो. अंपायर जोतिरामकाका तर गेल्या वर्षीच गेले.

टेबलावर हात आपटल्याचं मला काहीच आठवत नाही. मला आठवतं ते वेगळंच. मावशींनी विचारलं, "झालं का रं जालिंदर, शंभर?" आणि मी म्हणालो, "झालं, मावशी." मग त्यांनी डबा उघडला, शेंगापोळीचा पहिला तुकडा माझ्या हातात ठेवला, म्हणाल्या, "आदी तू खा, तूच लिवलंस न्हवं." लेगबायची खूण म्हणून जोतिरामकाकांचा हात गुडघ्यावर पडला होता का, आणि पडला असेल तर मी 'झालं' म्हणायच्या आधी की नंतर, हे मी तीन आठवडे आठवतोय. मी धाव बघून मावशींना सांगितलं, की मावशींना सांगून बसलो म्हणून वहीत धाव केली? सोबर्स-कॅलिसचं एक वेळ सुटेल. हे सुटत नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. पेंटर शनिवारी येणार आहे. तो चेंडू कशाला लागला हे नक्की सांगू शकणारा आता तू एकटाच उरलास. बॅट उंचावण्याआधी तू एकदा माझ्या टेबलाकडे बघितलंस. दोस्तानं दोस्ताकडे बघितलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. आता वाटतं, तू मी काय लिहितोय ते बघत होतास. एकाच शब्दात कळव, बॅट की पॅड? पॅड असेल तर फळ्यावर ९९ येईल, आणि माझी चूक मी माइकवर उभा राहून सांगेन, तुझ्या नावाला बोट लागू देणार नाही. फक्त मावशींसाठी म्हणून उत्तर देऊ नकोस, ते मी एकदा देऊन बसलोय. तू बॅट म्हणालास तर मी विश्वास ठेवीन, संघपाल. त्याचीच मला भीती वाटतेय.

तुझाच,
जालिंदर