कुलूप बंद, दार भिंतीला

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक, तूही असशील असं धरून चालते. मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून पोस्टाची पायरी चढले. घाबरू नकोस, उपदेश नाही. कामाचा प्रश्न आहे.

माझं कायद्याचं संशोधन फिरत फिरत तुझ्याच प्रांतात पोचलंय: स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. बाबांनी विचारलं, हे काय नवीन खूळ? म्हटलं, करार कागदावर नाही, प्रोग्राममध्ये. अट पूर्ण झाली की आपोआप अंमलात येतो. नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे असंख्य संगणकांवर एकदम, त्यामुळे कुणा एकाला खोडता येत नाही. बाबा म्हणाले, म्हणजे माझ्यासारखाच की.

आता गंमत ऐक. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी गाळा भाड्याने घेतला, त्याचं कुलूप अशाच करारावर चालणारं. महिनाभर गाळा उघडला नाही की करार संपला, कुलूप कायमचं बंद. बाई पाय मोडून दवाखान्यात पडल्या. परत येऊन बघतात तर दार ढिम्म हलेना. मालक बिचारा भला माणूस, तोही म्हणतो उघडा. दोघं राजी, आणि कुलूप काही ऐकत नाही. दोघं राजी असले की जुना करार मोडून नवा करता येतो, हे तूही शिकलायस, काळा कोट खुंटीला टांगायच्या आधी. मग प्रोग्राम लिहिताना तुम्ही लोक त्यासाठी एखादी फट का ठेवत नाही? विसरता, की माणसांवर विश्वासच नसतो? मला खरंच जाणून घ्यायचंय.

शेवटी मालकाने वैतागून दाराच्या बिजागऱ्याच काढल्या. कुलूप अजून बंदच आहे, नोंदीतही गाळा बंद, आणि दार भिंतीला टेकून उभं. बाई आत मजेत मशीन चालवतायत. यात कराराचा भंग झाला का, इथेच माझं घोडं अडलंय.

हे परवा जेवताना बाबांना सांगितलं. हसले रे, किती दिवसांनी! मग बिजागऱ्यांचं पुन्हा एकदा नीट विचारून घेतलं. वकिली सोडून तू घरातून गेलास त्या दिवशी ते म्हणाले होते, या दारातून परत आत यायचं नाही. तो शब्द त्यांनी मागे घेतलेला नाही, घेणारही नाहीत. कोर्टातून निवृत्त झाले तरी वकिली अकड तीच, तुला ठाऊकच आहे. पण फाटक वाजलं की अजून मान वर करतात, आणि दुसराच कुणी निघाला की आईवर उगाच चिडतात. मलाही तुझी फार आठवण येते. हे खरं तर लिहायचं नव्हतं.

काल घरी आले तर आपलं पुढचं दार अंगणात आडवं, शेजारी सुतार आणि बाबा. विचारलं, पॉलिश करायचंय का? चष्म्यावरून बघत म्हणाले, "मी माझा शब्द मागे घेतलेला नाही. त्याला तेवढं कळव."

तेव्हा कळवते. घरभर वारा शिरतोय, आई दोन स्वेटर घालून बसलीय, आणि बाबा कुणाला दार परत लावू देत नाहीत.

उत्तराची नव्हे, तुझीच वाट बघणारी,
तुमचं शेंडेफळ