भुवईवरचा व्रण

गुरुवार, संध्याकाळ. जुमेरा लेक टॉवर्स, दुबई

ऑफिसच्या लॉबीसाठी काढलेलं मालकांचं पोर्ट्रेट आज पास झालं. दुसरी हनुवटी गाळा, हे आता मला सांगावं लागत नाही. सेक्रेटरी म्हणाली, "खलास, झालं! परफेक्ट!" तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

सध्या ज्याच्याबद्दल वाचतोय, तो जर्मन दरबारी चित्रकारही राजाची हनुवटी अशीच आवरायचा. पण बायकोला त्याने सुरकुत्यांसकट रंगवलं. निदान तेवढं तरी मला जमतं ना? घरी येताच लेकीला, सईला, समोर बसवून भराभर स्केच केलं.

ती बघत राहिली. मग स्वतःच्या भुवईवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, व्हेअर इज माय स्कार?"

तिथे टाके घालताना तिला मांडीवर धरून मीच बसलो होतो.