पॅनलरूममधला मारुती

२ जुलै

पॅनलरूमच्या दाराबाहेर बुटांची रांग! देवळाबाहेर असते तशी. कंपनीनं खास दिलेले जाड रबरी तळव्यांचे बूट बाहेर, आणि आत पुंजारामकाका अनवाणी. चारशे चाळीस व्होल्टच्या पॅनलपुढं. नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर!

मी ओरडलेच. काका आमचे सर्वांत जुने वायरमन. शांतपणे म्हणाले, "मॅडम, आत मारुती हाय. पायताण घालून कसं जावं?"

खरंच आहे की! मेन स्विचच्या वर खुलताबादच्या भद्रा मारुतीचा फोटो, शेंदूर, हार, उदबत्ती. शॉक लागू नये म्हणून पायाखाली घालायची रबरी मॅट गुंडाळून कोपऱ्यात उभी. देवापुढं पायपुसणं नको म्हणून!

सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू झाले तेव्हाच वाटलं होतं, पत्रे कापणाऱ्या या प्रेस शॉपमध्ये भानगडी निघणार. ही भानगड मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हती. घरी येईपर्यंत हसू आवरेना.

४ जुलै

तात्यासाहेबांच्या कानावर घातलं. मॅनेजर म्हणून माणूस भला, पण — "अहो शैलाताई, एक मोठा बोर्ड लावून टाका. फॅक्टरी इन्स्पेक्टरला बोर्ड दिसला म्हणजे झालं." बोर्ड काय काकांच्या पायात घालू?

फोटो भिंतीवरून उतरवायला शिपाई पाठवला. तोही दारात बूट काढून उभा! मग म्हटलं, मीच काढते. हात वर केला तर काका मधे आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "नाय ताई! बाईमाणसानं मारुतीला हात लावू नाय."

असा संताप आला! एवढी इंजिनिअर झाले, सगळ्या कारखान्याची जबाबदारी माझ्यावर, आणि फोटोला हात लावायचा नाही! पण काका फोटोपुढं हात जोडून माझ्या वतीनं माफी मागत होते. माझंच काही वाईट होईल म्हणून घाबरले होते ते. हात खाली घेतला.

५ जुलै

कँटीनमध्ये काकांना चहा पाजला आणि सगळं काढून घेतलं. फार वर्षांपूर्वी पॅनल पेटलं होतं. काका आतच होते. भुवया जळाल्या, बाकी ओरखडाही नाही. पुढच्याच शनिवारी खुलताबादला चालत गेले आणि फोटो घेऊन आले. "तवापासून एकाला तरी काय झालं का? सांगा!"

नाही झालं, हे खरं. आणि हे गृहस्थ तार चालू आहे का बंद, ते उलट्या हातानं शिवून बघतात! वर मलाच शिकवतात — "झटका बसला तर हात आपोआप मागं येतो, ताई."

"काका, आजवर नशीब चांगलं म्हणून वाचलात."

"नशीब नाय. मारुती."

पण मला हे म्हातारं फार आवडायला लागलंय. माझ्या डोळ्यांदेखत या माणसाला काही होता कामा नये. इन्स्पेक्टर गेला उडत. काकांच्या पायात बूट चढवले नाहीत तर नाव लावणार नाही शैला म्हणून!

९ जुलै

सुचलं! भांडायचं कशाला? मारुतीला हक्काचं घर द्यायचं. गेटजवळच्या लिंबाखाली ओटा, त्यावर पत्र्याचं छप्पर, चारी बाजूंनी लोखंडी जाळी. पॅनलरूम पॅनलची, देऊळ देवाचं.

काकांनी लिंबाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "जागा चांगली हाय. येता-जाता समद्यांना दर्शन व्हईल." मग माझ्याकडं वळले. "पण ताई... तुमी ओट्यावर चढायचं नाय."

"नाही चढणार. खालूनच नमस्कार करीन."

"वचन?"

"वचन!"

केशवला सांगितलं तर म्हणतो, "वा! नवऱ्याचं एक ऐकत नाहीस आणि मारुतीशी तह करतेस." हसू दे. कॉलेजात कोणी शिकवलं नाही असं काम केलंय मी.

१६ जुलै

तात्यासाहेबांनी सिमेंट मंजूर केलं. बोर्डाचा हट्ट कायम!

२४ जुलै

मारुती निघाला! ताशा काय, गुलाल काय, कँटीनतर्फे पेढे काय! आधी मेन बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली काकांच्याच खिशात. काम करणाऱ्याच्या खिशात किल्ली, म्हणजे दुसरं कोणी चुकून चालू करणार नाही. हेही मीच शिकवलंय. मग काकांनी फोटो उतरवला आणि छातीशी धरून गेटपर्यंत नेला. मी ओट्याखाली उभी. शब्द म्हणजे शब्द.

दुपारी पॅनलरूम कोरडी केली, मॅट अंथरली. काका दाराशी आले आणि सवयीनं बूट काढायला वाकले. मी नुसती खाकरले. माझ्याकडं बघितलं, भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडं बघितलं आणि गेले बूट घालून आत! पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"चोरावानी वाटतंय हो, ताई," म्हणाले. मला मात्र दिवाळीसारखं वाटत होतं.

१ ऑगस्ट

सगळा कारखाना पालथा घातला. ग्राइंडरची केबल बदलली. कूलरला अर्थिंग दिलं. कँटीनमधला तुटका प्लग काढून टाकला. तात्यासाहेबांच्या केबिनमधला टेबलफॅन चक्क जप्त केला! "अहो, माझा कशाला?" "साहेबांनाही शॉक लागतो, तात्यासाहेब." नंतर हसले बिचारे.

काकांच्या खिशात आता टेस्टर असतो. मी दिसले की लांबून उंच करून दाखवतात. शाळेतल्या मुलानं पाटी दाखवावी तसा.

५ ऑगस्ट

इन्स्पेक्टर आले. पॅनलरूम बघून खूश! एक शेरा नाही. जाताना त्यांनीही बूट काढले आणि ओट्यावर जाऊन मारुतीचं दर्शन घेतलं. काका सगळ्यांना सांगत होते, "आमच्या ताईमुळं झालं हे." मान ताठ करून घरी आले. गुलमंडीवरून येताना पेढेही घेतले. केशवनं तहाचा विषय परत काढला नाही!

७ ऑगस्ट

उद्या श्रावणी शनिवार. बन्सी फिटरनं गेटच्या केबिनमधून वायर ओढून देवळावर रंगीत दिव्यांची माळ सोडलीये. लांबून काय सुरेख दिसतं! खालूनच हात जोडले.

काका संध्याकाळीच खुलताबादला चालत निघाले. पहाटे दर्शन घेऊन पहिल्या एसटीनं परत, आणि तिथली रुईची माळ आपल्या मारुतीला घालणार. "रजा घ्या की काका." "रजा कशाला? पहिल्या पाळीला हजर र्‍हातो, बगा."

बूट घालूनच पाळीला यायचं, एवढं बजावलं. व्हय व्हय म्हणाले.

८ ऑगस्ट

पुंजारामकाका गेले. सकाळी ओटा धुतला होता. काका अनवाणी वर चढले, एका हातानं माळ घालताना दुसऱ्या हातानं जाळी धरली. दिव्यांची वायर पत्र्याच्या कडेला कापली गेली होती, सगळ्या जाळीत करंट उतरला होता.

खालून, मी हात जोडले तिथून, ती कापलेली वायर दिसत नाही. आज तिथंच उभी राहून पाहिलं. वर चढल्यावर लगेच दिसते.