टीव्ही मी स्वतः दुरुस्त केला

सोमवार, १२ जानेवारी
पहाटे कानात मी शिकवायचो त्या राजूरच्या शाळेतला आवाज. पन्नास पोरं, एक सूर, एक कविता. आता केडगावात जाग येते ती भंगारवाल्याच्या रेकॉर्ड केलेल्या आरोळीने.
टीव्ही बिघडला. कंपनीचं नाव येतं, जातं, पुन्हा येतं. पुढे काही नाही. रविवारी अकराला नात सुकन्या टीव्हीवर कविता म्हणणार, रेकॉर्डिंग आधीच झालंय. चाल माझी, उच्चार माझे. टीव्ही चालू व्हायलाच हवा.

मंगळवार, १३
मेकॅनिक गोरक्षनाथ येऊन गेला. माझाच विद्यार्थी. चार ओळी पाठ व्हायला त्याला दिवाळी उजाडायची. म्हणतो, बोर्ड शाबूत आहे, आतलं फर्मवेअर, म्हणजे टीव्ही चालवणारा प्रोग्रॅम, बिघडलंय, दुकानात नेऊन नवं भरतो. म्हटलं, नेटवरून फाईल घेऊन मीच भरीन. तर मलाच धडा: "सर, मागच्या स्टिकरवरचा नंबर बघून फाईल घेऊ नका. आतल्या बोर्डावरचा बघा. अन् भरताना लाईट जाऊ द्यायची न्हाई."
नाव पाठीवर छापलेलं असताना पोटात कशाला बघायचं? शुद्ध अडाणीपणा.

गुरुवार, १५
स्टिकरवरच्या नंबराची फाईल मिळाली. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबून धरलं, लाल दिवा लुकलुकला. टीव्ही सुरू. लगेच सुकन्याला पुण्याला फोन करून कळवलं. अशा मेकॅनिकांची दुकानं लोकांच्या आळसावर चालतात.
चित्र उलटं येतं. डोकी खाली, पाय वर. किरकोळ.

सायंकाळी ६
टीव्हीच उलटा केला. दोन शब्दकोशांचा टेकू. आता सगळं सरळ. चांगुणा एवढंच म्हणाली, "कुनाला सांगू नका." चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने एकदाही दाद दिलेली नाही.

शुक्रवार, १६
टीव्ही घसरला. चांगुणाने झेलला. दुसरी फाईल शोधतोय.

शनिवार, १७
निम्मी फाईल भरली आणि लाईट गेली. देखभालीसाठी वीज बंद, असा मेसेज कालच आला होता म्हणे. पहिल्याच ओळीत शुद्धलेखनाच्या तीन चुका. पुढे कोण वाचणार?
आता लाल दिवाही नाही. गोरक्षनाथ फोनवर म्हणाला, चिप काढावी लागेल, मंगळवार उजाडेल. हसला नाही. हसायचं टाळत होता, ते जास्त वाईट.

रविवार, १८. सकाळी १०
चांगुणा शेजारच्या लंकाबाईंकडे कार्यक्रम बघायला निघाली. मलाही चला की म्हणाली. लंकाबाई गवार मोडत कविता ऐकणार. मी नाही गेलो.

१०.२०
प्रगतिपुस्तकातले शेरे मी परीक्षेआधीच लिहून ठेवत असे. कधी चुकलो नाही. सुकन्याला मेसेज पाठवला: "आत्ताच टीव्हीवर पाहिलं. डोळे भरून आले. दुसऱ्या कडव्यात थोडी घाई झाली."

१०.४०, स्वयंपाकघरातून
पाणी आणतो म्हणून आत आलोय. बेल वाजली, दार उघडलं तर सुकन्या. पाठीवर बॅग, हातात मोबाईल. मोबाईलकडे बघत होती, मग माझ्याकडे.
"आजोबा, तुमच्याशेजारी बसून बघायचं म्हणून पहाटेच्या एसटीने आले. कार्यक्रम अकराला आहे ना?"